बाणाची धार, सुरीची धार

न्यू जर्सी राज्यात घरमालकाची परवानगी नसेल, तर भरलेली बंदूक घेऊन शिकाऱ्याला त्याच्या घरापासून 450 फुटांच्या आत फिरकता येत नाही. धनुष्यासाठी हेच अंतर 2010 साली 150 फुटांवर आणले गेले. या सवलतीमागे हरणे होती. ट्यूलिपचे कोंब, होस्टाची पाने, कुंपणाची झुडपे, जे दिसेल ते रातोरात फस्त करणारी, मोटारींसमोर उड्या घेणारी आणि लाइम रोग पसरवणाऱ्या गोचिडांना अंगावर पोसणारी व्हाइटटेल जातीची हरणे. त्या भागातल्या मराठी घरांनाही ही मंडळी चांगलीच परिचयाची आहेत. पहिल्या वर्षी मुलांना खिडकीतून कौतुकाने दाखवायची आणि दुसऱ्या वर्षी जाळी आणायला दुकान गाठायचे, असा बहुतेकांचा क्रम. रायफलची गोळी चुकली तर मैलभर जाऊ शकते. झाडावरच्या मचाणातून खाली मारलेला बाण चुकला तर तिथेच जमिनीत रुततो. म्हणून वस्तीला खेटलेल्या रानात हरणांची संख्या आवरायची तर धनुष्याने, असा हिशेब तिथे रूढ झाला.

हे सगळे अमेरिकेतले, हे आधीच सांगून टाकतो. आपल्याकडे 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली चितळ, सांबर, भेकर यांची शिकार हा गुन्हा आहे, मग ती बंदुकीने करा, बाणाने करा की फास लावून. अमेरिकेत मात्र शिकार हा सरकारी वन्यजीव खात्याच्या नियोजनाचाच एक भाग. परवाना काढायचा, हंगाम पाळायचा, नर किती आणि माद्या किती मारायच्या ते खाते ठरवणार. विसाव्या शतकाच्या तोंडावर मांस आणि कातड्यासाठी चाललेल्या बेसुमार शिकारीने व्हाइटटेलची संख्या जेमतेम काही लाखांवर आली होती. आज ती 3 कोटींच्या घरात आहे. 1937च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्याने बंदुका-काडतुसांवर कर बसला, पुढे 1970च्या दशकात तो धनुष्यबाणांनाही लागू झाला, आणि त्यातून रानांची व प्राण्यांची देखभाल होते. म्हणजे तिथे धनुष्य विकत घेणारा माणूस हरणांच्या कुरणासाठीही चार पैसे टाकत असतो. हा व्यवहार काहींना चमत्कारिक वाटेल. मला तो निदान प्रामाणिक वाटतो.

आता दुकानात शिरू. नवखा शिकारी पहिला प्रश्न विचारतो तो ताकदीचा: हे धनुष्य किती जोरात मारते? प्रश्न बंदुकीच्या जगातून आलेला आहे, आणि धनुष्याच्या जगात तो दिशाभूल करतो. थोडा हिशेब मांडून पाहा. हरणासाठी सर्रास वापरल्या जाणाऱ्या .308 रायफलची गोळी नळीतून सुटताना साधारण 2,600 फूट-पौंड ऊर्जा घेऊन निघते. सेकंदाला 260 फूट वेगाने सुटलेल्या 400 ग्रेनच्या बाणाची, म्हणजे सुमारे 26 ग्रॅम वजनाच्या बाणाची, ऊर्जा भरते 60 फूट-पौंड. चाळिसावा हिस्साही नाही. गोळी वाटेतल्या मांसाला असा धक्का देते की तिच्या स्वतःच्या जाडीपेक्षा कितीतरी रुंद भाग फाटून जातो. बाण असला काही धक्का देत नाही. त्याच्या टोकाला असलेले पाते जेवढे कापेल तेवढेच कापले जाते, आणि हरिण मरते ते रक्तस्रावाने. दोन्ही फुप्फुसे कापली गेली तर बहुधा दहा-पंधरा सेकंदांत ते कोसळते. तेवढ्यात शंभर-एक पावले पळालेलेही असते.

सगळी निवड या एका गोष्टीवरून ठरते. काम करणार ती धार. धनुष्याचे काम ती धार नेमक्या जागी नेऊन पोचवण्याचे, आणि नंतरचे सगळे काम सुरीचे, म्हणजे पुन्हा धारेचेच. असे असताना लोक पैसे खर्च करतात ते बहुतेक धनुष्यावर, उरलेल्यातून बाण घेतात, बाणाची पाती मिळतील तशी उचलतात आणि सुरी घरात सापडेल ती नेतात. क्रम नेमका उलटा.

हे ज्याला पुरते कळले होते असा एक माणूस 29 ऑगस्ट 1911 रोजी कॅलिफोर्नियातल्या ओरोव्हिल गावाजवळच्या एका कत्तलखान्याच्या आवारात सापडला. उपासाने खंगलेला, एकटा. ‘याही’ नावाच्या जमातीचा तो अखेरचा माणूस. बाकीचे लोक गोऱ्या वसाहतवाल्यांच्या गोळ्यांनी, रोगराईने आणि उपासमारीने संपले होते. मानववंशशास्त्रज्ञ आल्फ्रेड क्रोबर आणि थॉमस वॉटरमन यांनी त्याला सॅन फ्रान्सिस्कोच्या संग्रहालयात आणले आणि क्रोबरने त्याला ईशी हे नाव दिले. स्वतःचे खरे नाव त्याने कधीच कुणाला सांगितले नाही. संग्रहालयाला लागूनच वैद्यकीय महाविद्यालय होते. तिथले शल्यचिकित्सक सॅक्स्टन पोप त्याच्यावर उपचार करता करता त्याचे शिष्य झाले. 1914च्या उन्हाळ्याच्या तोंडावर क्रोबर, वॉटरमन आणि पोप ईशीला घेऊन त्याच्या मुलुखात, डिअर क्रीकच्या खोऱ्यात राहून आले.

पोपने जे टिपून ठेवले त्यातले ईशीचे धनुष्य आजच्या दुकानदाराला हसू आणील असे आहे. जुनिपरच्या लाकडाचे, पाठीवर हरणाच्या स्नायूंचे तंतू डकवलेले, माणसाच्या कमरेच्या वर जेमतेम पोचणारे, ओढायला चाळीस-पंचेचाळीस पौंडांचे. बाणाचे टोक काळ्या ज्वालामुखी काचेचे, ऑब्सिडियनचे; ते नसेल तर बाटलीच्या काचेचे. शिंगाच्या अणीने दाब देत देत तो काचेच्या कपऱ्या उडवायचा आणि थोड्या वेळात पाते तयार व्हायचे. पोप सर्जन होते, धारेची पारख हा त्यांचा पेशाच. त्यांनी पोलादी आणि काचेची टोके चाचणी घेऊन पाहिली, तेव्हा मांसात शिरायला काचेचे टोक सरस ठरले. काच ठिसूळ, हाडावर आपटली की गेलीच. पण तिच्या कडेइतकी बारीक धार पोलादाला सहजासहजी येत नाही.

आणि धनुष्य दुबळे म्हणून ईशी काय करायचा? जवळ जायचा. शिकारीआधी तंबाखू बंद, मासे बंद, पहाटे ओढ्यात अंघोळ. मग झुडपाआड बसून मॅड्रोन झाडाचे कोवळे पान दुमडून ओठांत धरायचे आणि पाडसाच्या हाकेसारखा आवाज काढायचा. मादी चौकशीला येते. जी ताकद धनुष्यात नव्हती ती त्याने अंतर तोडून भरून काढली. 1916च्या मार्चमध्ये ईशी क्षयाने गेला. पोपने 1923 साली धनुष्याच्या शिकारीवर पुस्तक लिहिले, आणि अमेरिकेतल्या आजच्या धनुर्धारी शिकाऱ्यांची परंपरा त्या पुस्तकापासून सुरू होते असे मानतात. पुढे 1934 साली विस्कॉन्सिनने कोलंबिया आणि सॉक या दोन काउंट्यांत फक्त धनुष्यासाठी हरणांचा वेगळा हंगाम ठेवला. त्याच राज्यात प्राध्यापक असलेला निसर्गलेखक आल्डो लिओपोल्ड स्वतःची धनुष्ये स्वतः घडवायचा. नेम मात्र त्याच्या बायकोचा, एस्टेलाचा, चांगला होता. तिरंदाजीत ती राज्याची विजेती होती.

यानंतर 1960च्या दशकात मिसूरीच्या हॉलेस विल्बर ॲलनने धनुष्याच्या टोकांना चाके बसवली आणि 1969 साली त्याला पेटंट मिळाले. हेच कंपाऊंड धनुष्य. मराठी वाचकाला ते आता नवे राहिलेले नाही: 2023 साली बर्लिनच्या जागतिक स्पर्धेत साताऱ्याची अदिती स्वामी आणि नागपूरचा ओजस देवतळे यांनी वैयक्तिक सुवर्णपदके जिंकली ती कंपाऊंडवरच. त्या स्पर्धेत निशाण 50 मीटरवर असते, पायाखाली सपाट जमीन असते आणि निशाण जागचे हलत नाही. शिकाऱ्याला यातले काहीच मिळत नाही.

कंपाऊंडचे सगळे मर्म ओढण्याच्या शेवटच्या टप्प्यात आहे. साध्या लाँगबोला किंवा टोके पुढे वळलेल्या रिकर्व्हला जितके मागे ओढाल तितका भार वाढत जातो. 45 पौंडांचे रिकर्व्ह पूर्ण ओढले की 45 पौंड, म्हणजे वीस किलो, बोटांवर तोलून नेम धरायचा. कंपाऊंडची लंबगोल चाके ठरावीक टप्प्यानंतर भार सोडतात. 60 पौंडांचे धनुष्य 80 टक्के भार सोडत असेल, तर पूर्ण ओढल्यावर हातात उरतात फक्त 12 पौंड. हरिण झाडाआड थांबले, तर ते पुढे येईपर्यंत अर्धा-पाऊण मिनिट ओढून थांबता येते. रिकर्व्हवर हे करणारा माणूस विरळा.

तेव्हा कोणते घ्यावे? पुढच्या हंगामात घरात मांस हवे असेल तर कंपाऊंड. दोन-तीन वर्षे रोज संध्याकाळी सराव करण्यातच आनंद असेल, आणि हरिण मिळाले नाही तरी झोप लागणार असेल, तर रिकर्व्ह. लाकडी लाँगबो पहिले धनुष्य म्हणून घ्यायच्या भानगडीत पडू नये. क्रॉसबोला तिथले बरेच शिकारी धनुष्य मानायलाच तयार नसतात. खांद्याच्या दुखण्याने ज्याला ओढताच येत नाही त्याच्यासाठी ते उत्तम. तो वाद इथे नको.

प्रकार ठरला की माप. दोन्ही हात आडवे पसरून मधल्या बोटाच्या टोकापासून टोकापर्यंत इंच मोजायचे आणि अडीचने भागायचे. 70 इंच आले तर ओढीची लांबी 28 इंच. कंपाऊंडमध्ये हे माप धनुष्यातच बसवलेले असते, त्यामुळे मित्राचे धनुष्य उसने घेऊन जमत नाही. इंचभर जास्त लांबीचे घेतले तर कोपर मागे जाते, दोरी पुढच्या हाताला फटकारते आणि नेम रोज नव्या जागी. दुकानदार लांब माप गळ्यात मारतात, कारण लांब ओढीला वेग जास्त मिळतो आणि वेगाचा आकडा विकला जातो.

भाराचा प्रश्न याहून नाजूक. बहुतेक राज्यांत हरणासाठी किमान मर्यादा 30 ते 40 पौंडांच्या दरम्यान असते, आणि दुकानात हातात दिले जाते ते 70 पौंडांचे. एक सोपी परीक्षा आहे. खुर्चीवर बसा, पाय जमिनीवरून उचला, धनुष्य निशाणाच्या रेषेत धरा आणि वर आभाळाकडे न नेता सरळ मागे ओढा. हात आकाशात नेऊन, अंगाला झटका देऊन ओढावे लागले, तर ते धनुष्य तुमचे नाही. दुकानात तुम्ही गरम असता, अंगात टी-शर्ट असतो. नोव्हेंबरच्या पहाटे मचाणावर तीन तास गोठून बसल्यावर, अंगावर दोन स्वेटर आणि जाड कोट असताना, पंधरा पावलांवरच्या हरणाची नजर चुकवून तेच ओढायचे असते. तिथे झटका चालत नाही; हरणाला हालचाल आधी दिसते. पन्नास-पंचावन्न पौंडांचे कंपाऊंड व्हाइटटेलच्या बरगड्यांतून आरपार जायला पुष्कळ झाले. आणि बाण न लावता ओढलेली दोरी कधीही मोकळी सोडू नये. बाणात जायची ती ऊर्जा मग धनुष्याच्या भुजांत जाते, आणि भुजा तडकते किंवा दोरी तुटून तोंडावर येते.

वेगाचा मोह सोडवायला आणखी एक हिशेब पुरेसा आहे. हरिण 30 यार्डांवर, म्हणजे 90 फुटांवर उभे आहे. 270 फूट वेगाच्या बाणाला तिथे पोचायला सेकंदाचा तिसरा हिस्सा लागतो. दोरीचा आवाज मात्र सेकंदाला 1,100 फुटांहून वेगाने जातो, तो 0.08 सेकंदात कानावर पडतो. म्हणजे सावध हरणाला पाव सेकंद मिळतो. पळण्यासाठी ते आधी पाय दुमडून खाली दबते आणि बाण पाठीवरून निघून जातो, किंवा त्याहून वाईट, पाठीच्या वरच्या मांसात बसतो. बरेच पैसे जास्त मोजून 300 फूट वेगाचे धनुष्य घेतले तर हा अवधी किती घटतो? सेकंदाचे तीन शतांश. त्याऐवजी 15 यार्डांवर येऊ दिले तर तो थेट निम्मा होतो. ईशीचा हिशेब इथेही बरोबर निघतो. म्हणून केवळ वेगासाठी बाण फार हलका घेऊ नये. जरा जड बाण धनुष्यातली ऊर्जा अधिक उचलतो, आवाज कमी होतो आणि हाडाला घासून गेला तरी वाट सोडत नाही. बाणाच्या काठीचा ताठपणा धनुष्याच्या भाराशी जुळावा लागतो. त्याचे तक्ते उत्पादक देतात, तेवढे पाहून घ्यावे.

आता टोकाकडे. सरावाची टोके गोळीच्या आकाराची असतात. शिकारीला लागतात ती रुंद पात्यांची ब्रॉडहेड. बऱ्याच राज्यांत त्यांची किमान रुंदी 7/8 इंच ठरवलेली आहे. एक प्रकार पक्क्या पात्यांचा. दुसरा मिटलेल्या पात्यांचा, जी हरणाच्या अंगाला लागताच उघडतात आणि दीड-दोन इंच रुंद वाट करतात. दुसरा प्रकार लोकप्रिय, कारण मिटलेला बाण सरावाच्या बाणासारखाच सरळ उडतो. पण पाती उघडायला ऊर्जा लागते, आणि ती बाणाच्याच खिशातून जाते. हलके धनुष्य असेल, रिकर्व्ह असेल, तर दोन पक्क्या पात्यांचे, अणीपासूनच कापत जाणारे टोक घ्यावे. ते घेतल्यावर बाण सरळ उडेपर्यंत धनुष्य जुळवून घेण्याची कटकट आहे. ती करावी.

दुकानातून आलेले पाते धारदार असेलच असे समजू नये. जुने शिकारी रबर बँडने पाहतात. चौकटीवर दोन-तीन रबर बँड ताणायचे आणि पाते त्यांच्यावरून अलगद, दाब न देता ओढायचे. बँड टचकन तुटला तर धार आहे. पाते त्याला ढकलत गेले आणि मग तो तुटला तर नाही. जिवंत रक्तवाहिनी त्या बँडसारखीच असते: लवचिक, ताणलेली, बोथट कडेसमोर बाजूला सरकणारी. बोथट पाते चिरडत जाते. चिरडलेली वाहिनी आक्रसते, रक्त गोठते, आणि बरोबर जागी लागलेला बाणही हरिण घेऊन जाते. कोणतेही ब्रॉडहेड एकदा फोमच्या निशाणात मारले की पुन्हा पाजवल्याशिवाय भात्यात ठेवायचे नाही.

बाण सोडायचा तो हरिण पूर्ण आडवे उभे असताना, किंवा तोंड किंचित पलीकडे वळवून असताना. पुढच्या पायाच्या लगेच मागे, छातीच्या खालच्या तिसऱ्या हिश्श्यात. समोरून येणारे हरिण सोडून द्यावे. खांद्याच्या हाडाने वाट अडते. बाण लागल्यावर घाई करू नये, आणि मला वाटते हीच या विद्येतली सर्वांत अवघड गोष्ट. सापडलेला बाण आधी पाहायचा. गुलाबी, फेसाळ रक्त म्हणजे फुप्फुसे. अर्ध्या तासाने माग काढावा. काळपट लाल म्हणजे यकृत. काही तास थांबावे. हिरवट मळ आणि वास म्हणजे पोटात लागला. सहा-आठ तास, कधी रात्रभर, जागचे हलायचे नाही. मागे धावलात तर जखमी जनावर उठून मैल-दोन मैल जाते आणि सापडत नाही.

न सापडणारी हरणे हा या शिकारीवरचा गंभीर आक्षेप आहे, आणि तो टाळून पुढे जाणे बरोबर नाही. मेरीलँडमधल्या इंडियन हेड या नौदलाच्या तळावर वर्षानुवर्षांच्या नोंदी ठेवून अभ्यास झाला, तेव्हा बाण लागलेल्या हरणांपैकी सुमारे 18 टक्के हाती आली नव्हती. हे शिकारी चाचणी देऊन आलेले, सरावातले होते. ब्रिटनमध्ये धनुष्याने हरिण मारायला बंदी आहे; जर्मनीतही नाही चालत. डेन्मार्कने 1999 साली परवानगी दिली ती नेमबाजीची परीक्षा सक्तीची करून. अमेरिकेतल्या कित्येक राज्यांत अशी परीक्षा नाही, आणि ती असायला हवी असे माझे स्पष्ट मत आहे. ज्याला 15-20 यार्डांवर सहापैकी सहा बाण बशीएवढ्या वर्तुळात घालता येत नाहीत त्याने मचाणावर चढू नये. चढणाऱ्याने कमरेचा नव्हे, पूर्ण अंगाचा पट्टा झाडाला बांधावा. बाणापेक्षा मचाणावरून पडून जायबंदी होणारे शिकारी जास्त.

हरिण सापडले. परवान्याबरोबर मिळालेला टॅग लावला. आता सुरी काढायची, आणि इथे चित्रपटांनी घोटाळा करून ठेवला आहे. हातभर लांबीचे, पाठीला करवतीचे दाते असलेले पाते शिकाऱ्याच्या कमरेला शोभते, पण हरणाच्या पोटात ते फिरवताच येत नाही. लागते ती साडेतीन-चार इंचांची सुरी. का ते काम पाहिले की कळते.

हरिण पाठीवर लोळवून पोटाच्या मध्यरेषेवर छोटी चीर देतात. मग डाव्या हाताची दोन बोटे चिरेत घालून कातडी आणि पोटाचा पडदा वर उचलायचा, सुरीचे पाते त्या दोन बोटांच्या बेचक्यात धार वर करून धरायचे आणि छातीच्या दिशेने सरकवत न्यायचे. खाली वजडी फुगलेली असते. अणी खाली गेली की ती फुटते, आतला आंबलेला पाला मांसावर सांडतो आणि वास जाता जात नाही. म्हणून अणी पात्याच्या पाठीच्या रेषेपासून धारेच्या बाजूला उतरलेली हवी. या आकाराला ड्रॉप पॉइंट म्हणतात. बॉब लव्हलेस या अमेरिकन कारागिराने तो शिकाऱ्यांत रूढ केला. पुढे वर वळलेल्या टोकदार पात्याने सोलणे छान होते, पण हीच पहिली चीर धोक्याची होते. पाठीला आकडा असलेल्या सुऱ्याही मिळतात. आकडा वजडीला वाचवतो हे खरे, पण केस अडकून दोन हरणांत बोथटतो आणि घरी तो पाजवता येत नाही.

नंतर छाती आणि पोट यांमधला पडदा कडेकडेने कापायचा आणि उजवा हात कोपरापर्यंत छातीत घालून श्वासनलिका शोधायची. डाव्या हाताने ती धरायची, उजव्याने कापायची. सगळे आंधळेपणाने, उबदार रक्तात, दोन्ही हात एकमेकांच्या इंचभर अंतरावर. पाते चार इंचांहून लांब असेल तर त्याची अणी कुठे आहे हे कळत नाही. आणि त्याच छातीत कधी बाणाचे मोडलेले पातेही असते. दोन बाण मारले आणि एकच सापडला असेल, तर हात घालण्यापूर्वी ते आठवावे. तिथली जखम डॉक्टरकडे नेणारी असते.

मूठ म्हणूनच गुळगुळीत नको. पॉलिश केलेले शिंग, चकचकीत लाकूड कपाटात सुंदर दिसते; रक्त आणि चरबी लागली की निसटते. खरखरीत रबराची किंवा कृत्रिम द्रव्याची, पुढे बोट अडेल असा उंचवटा असलेली मूठ बरी, आणि रंग भडक नारिंगी. खाकी मुठीची सुरी पाचोळ्यात ठेवली की संध्याकाळच्या उजेडात ती गेली. घडीची सुरी की पक्क्या पात्याची, यावर शिकारी तास घालवतात. बक कंपनीची 1964 सालची 110 नंबरची घडीची सुरी लाखो खिशांतून फिरली आणि तिने हजारो हरणे साफ केली, हे मान्य. पण बिजागरीत केस, चरबी आणि रक्त जाऊन बसते. पक्के पाते नळाखाली धरले की झाले. माझे मत पक्क्या पात्याला.

अलीकडे शस्त्रक्रियेच्या ब्लेडसारखी बदलायची पाती असलेल्या सुऱ्या आल्या आहेत. कातडी सोलायला त्यांच्यासारखे दुसरे काही नाही, आणि पाजवायची कटकटही नाही. मात्र सांध्यात घालून पिरगाळले की पाते कटकन मोडते आणि तुकडा मांसात राहतो. सोलायला ती, सांध्याला जाड सुरी, असे दोन्ही नेणारे शहाणे. पाजवायचे कौशल्य नसलेल्याने चार पाती जादा न्यावीत. ज्याला येते त्याने बोटभर लांबीची सिरॅमिकची कांडी न्यावी. हरणाचा केस पोकळ असतो, त्यात माती अडकलेली असते, आणि बाहेरून केसांवर सुरी चालवली की धार पाहता पाहता जाते. म्हणून पहिली चीर सोडली तर प्रत्येक वेळी आतून बाहेर कापायचे.

राहता राहिले पोलाद. कार्बन पोलादाची, 1095 सारखी सुरी पटकन पाजवता येते, रानात बसून दोन मिनिटांत धार परत येते, पण रक्ताने डागाळते आणि पुसली नाही तर गंजते. 440सी किंवा एस30व्ही जातीचे स्टेनलेस धार जास्त वेळ टिकवते आणि पाजवायला जास्त वेळ घेते. जुने लोक कार्बनच्या बाजूचे. मीही एरवी तेच सांगितले असते, पण आता एका रोगाने हे गणित बदलले आहे. 1967 साली कोलोरॅडोतल्या एका संशोधन केंद्राच्या बंदिस्त हरणांत क्षीण होत मरण्याचा विकार दिसला. त्याला क्रॉनिक वेस्टिंग डिसीज म्हणतात; बिघडलेल्या प्रथिनांनी, प्रायॉनने होतो, आणि आज तो अमेरिकेच्या तीसहून अधिक राज्यांत पोचला आहे. माणसाला तो झाल्याचे सिद्ध झालेले नाही. तरीही मेंदू, पाठीचा कणा, डोळे, प्लीहा यांना सुरी लावू नये, हातमोजे घालावेत, मांस हाडावरून सोडवून घ्यावे आणि तपासणीचा निकाल येईपर्यंत खाऊ नये, असा सरकारी खात्यांचा सल्ला आहे. प्रायॉन उकळत्या पाण्याने मरत नाही. धुऊन स्वच्छ केलेली सुरी घरगुती ब्लीचच्या 40 टक्के द्रावणात पाच मिनिटे बुडवली, तर पोलादाच्या पृष्ठभागावरचा त्याचा संसर्ग जातो असे प्रयोगात आढळले आहे. असल्या द्रावणात कार्बन पोलादाचे पाते घातले तर बघता बघता तपकिरी होते आणि त्याची कड खड्ड्याखड्ड्यांची होते. स्टेनलेसही त्यात विसरून ठेवायचे नाही. पाच मिनिटे झाली की काढायचे, भरपूर पाण्याने धुवायचे, कोरडे करायचे आणि तेलाचा हात फिरवून ठेवायचे. रोग पोचलेल्या काउंटीत शिकार करणार असाल तर कार्बनची आवडती सुरी घरी राहू द्या.